कोंडिबा नमुना

दौंड
१२ जून १९७५

आबा, जयभीम.

चोर सापडला. बेंजो माझ्याकडे आहे. ललीवर ओरडू नका, पोरीला खरंच काही माहीत नव्हतं. रविवारी ती शिरूरला गेली होती, तुम्ही विहिरीवर होता, तेवढ्यात मी बेंजो खुंटीवरून काढला, गोधडीत गुंडाळला आणि निमोण्याच्या फाट्यावर येऊन गाडीत बसलो. तोंडावर मागितला असता तर तुम्ही "बघू" म्हणाला असता. आणि तुमच्या "बघू"चा अर्थ आपल्या घरात कुत्र्यालाही कळतो.

आता कारण सांगतो, मग शिव्या घाला. यंदा जयंतीला शिरूरला तुम्ही वाजवत होता तेव्हा पुढच्या रांगेत पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ मान डोलावत बसले होते. ते आनंदराव. पुण्यात त्यांचं वाद्यांचं दुकान आहे. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला गाठलं. म्हणाले, हल्लीचे बेंजो नुसते रंगीत पत्र्याचे, वरातीत किंचाळायच्या कामाचे. असा जुन्या घाटाचा मी वीस वर्षांत पाहिला नाही, कुणी केला? मी म्हटलं, माझ्या बापानं. त्यांना खरं वाटेना. मग मी सगळा इतिहास सांगितला. तुम्ही दौंडच्या रेल्वे यार्डात ओझी वाहणारे खलाशी होता, रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डसाहेबाच्या मडमेनं मोडका जपानी बाजा उकिरड्यावर टाकला, तो तुम्ही उचलून आणलात आणि उघडून आतलं सगळं समजून घेतलंत. मग निमोण्याला येऊन सागवानाचं खोकं केलंत, शिरूरच्या कचेरीबाहेरच्या टायपिस्टाच्या मोडक्या मशीनची चौदा बटणं बसवलीत आणि दीक्षा घेतल्यावर तारा पिळायच्या खुंट्यांच्या बाजूला पिंपळपान कोरलंत. आनंदराव ऐकतच राहिले.

त्यांना तसेच पंचवीस बेंजो काढायचेत. करणार मी, रेल्वेच्या शेडातली ड्यूटी सांभाळून. आत कागदाची चिठ्ठी चिकटवायची: कोंडिबा नमुना, १९५८. तुमचं नाव छापून येणार, आबा! एक गंमत सांगतो. बटणांवरची इंग्रजी अक्षरं पाहून आनंदराव म्हणाले, ही सुरांची काहीतरी जुनी पद्धत दिसते, जशीच्या तशी छापून घेऊ. मी हसू दाबून मान हलवली.

महिनाभरात परत आणतो. तुम्ही रोज सकाळी आंघोळ झाल्यावर ती एक ओळ वाजवता, तिचा खाडा होणार हे मला माहीत आहे. तेवढा सहन करा.

तुमचा,
ज्ञानदेव


दौंड
३ ऑगस्ट १९७५

आबा,

महिन्याचे दोन झाले, रागावू नका. शेडात सध्या रजेचं नाव काढायची सोय नाही. साहेब लोक स्वतः फाटकात उभे राहून घड्याळ बघतात. म्हणून बेंजो म्हाळू कंडक्टरच्या हाती पाठवतोय. त्यानं तो स्वतःच्या सीटखाली ठेवायचं कबूल केलंय.

गोधडी सोडाल तेव्हा ओळखणार नाही असा झालाय. मी सगळा उघडला. लांबी, रुंदी, खुंट्यांमधलं अंतर, तारांखालच्या घोडीची उंची, सगळं व्हर्नियरनं मोजून वहीत उतरवलं. तुमच्या हाताला मानलं पाहिजे, खोक्याचे सांधे अजून केसभर हललेले नाहीत. फक्त एका ठिकाणी तुमची नजर चुकली होती, ते सांगू का? बटणांखालचे पितळी पडदे, ज्या पट्ट्यांवर तार टेकून सूर ठरतो. चौदापैकी पाच आपल्या जागेवर नव्हते. कुठं अर्धा सूत मागं, कुठं पाव सूत पुढं. तिसऱ्या बटणाखालचा तर चांगला एक सूत सरकलेला. इतकी वर्षं तुम्ही त्यावर वाजवलं कसं, आश्चर्य आहे. आनंदरावांकडे पडद्यांच्या अंतराचा छापील तक्ता आहे, कारखान्यात तोच वापरतात. तो लावून मी चौदाही नव्यानं बसवले. जुने झिजलेले होते, ते मोडीत टाकले. तळाची फळी रंधा मारून साफ केली आणि वर तीन हात पॉलिश.

नमुन्याचे पहिले चार बेंजो तयार आहेत. पिंपळपान हुबेहूब आलंय.

मला सूर कळत नाही हे तुम्हीच मला नवव्या वर्षी सांगितलंत, कोरसमधून हाताला धरून उठवलंत. तेव्हा वाजवून बघायचं काम तुमचं. पण फूटपट्टी कुठंही लावून बघा, एक पडदा इकडचा तिकडे सापडणार नाही. कसा वाटला ते ललीकडून लगेच कळवा.

ज्ञानदेव


दौंड
१९ सप्टेंबर १९७५

आबा,

ललीचं कार्ड आलं. तिनं चार ओळीच लिहिल्यात. तुम्ही आंघोळ करून बसलात, ती ओळ अर्धी वाजवलीत, पुन्हा वाजवलीत, मग बेंजो खाली ठेवलात आणि पोत्यात घालून माळ्यावर टाकलात. दोन दिवस जेवला नाहीत. आणि तिला म्हणालात, "त्याला म्हणावं, हिकडं येऊ नको."

ठीक आहे. येत नाही.

पण मला एवढं तरी कळू द्या, मी केलं काय? सांगून नेला नाही, ही चूक. कबूल. त्यासाठी चार माणसांत कानफटात मारली असती तरी मी गाल पुढे केला असता. पण दोन महिने शेडातून आल्यावर हात दुखेपर्यंत जिच्यावर कानस चालवली, ती वस्तू पोत्यात? जयंतीच्या स्टेजवर प्रत्येकाला "वाहवा" म्हणता, दुसऱ्या पार्टीच्या हार्मोनियमवाल्याला म्हणता, ढोलकीवाल्याला म्हणता. मी रेल्वेत फिटर झालो त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "बरं झालं." दोन शब्द. ते मी अजून पुरवून वापरतोय.

आई असती तर तिनं सांगितलं असतं माझं काय चुकलं ते. ती गेल्यापासून तुमच्या मनातलं सांगणारं माणूसच राहिलं नाही.

लले, तू हे वाचताना आवाज खाली आणू नकोस. त्यांना सगळं ऐकू जाऊ दे.

ज्ञानदेव


दौंड
२० ऑक्टोबर १९७५

आबा,

मागचं पत्र फाडून टाका. ललीला सांगा, नाहीतर मीच येऊन फाडतो. नाही, येत नाही. तुम्ही नको म्हणालात.

धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला रंगुबाई केडगावहून आली होती. आईच्या शेजारी उभी राहून गायची तीच. आता पोरीकडे असते, गुडघे गेलेत, पण आवाज तसाच खणखणीत. मोठ्या अभिमानानं मी तिला नव्या नमुन्याचा एक बेंजो दाखवला. पिंपळपानावरून तिनं हात फिरवला. म्हणाली, "कोंडिबाचाच हाय की रं!" मग तारेवर नखी फिरवून तिनं बटणं दाबली. तिसऱ्यावर थांबली. पुन्हा दाबलं. "ह्यो न्हाई. ह्यात जाई न्हाई."

मला वाटलं म्हातारी भरकटली. मग तिनं जे सांगितलं ते तुम्ही मला कधीच का सांगितलं नाहीत, आबा?

ती म्हणाली, जाईबाईचा, म्हणजे आईचा, गळा पाच ठिकाणी आपल्याच वाटेनं जायचा. कुठं जरा खाली थांबायचा, कुठं जरा चढायचा. हार्मोनियमशी जमायचा नाही. न्हावऱ्याच्या कार्यक्रमात लोक हसले आणि आई गाणं अर्धं टाकून स्टेजवरून उतरली. दुसऱ्या दिवसापासून तिनं तोंडच उघडलं नाही. तेव्हा तुम्ही आपल्या गायन पार्टीतून हार्मोनियम काढून टाकलात. "बाई बाजाच्या मागं जाणार न्हाई, बाजा बाईच्या मागं जाईल," असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. आणि आठ दिवस ती समोर बसून गात होती, तुम्ही एकेक पडदा तिच्या गळ्याखाली सरकवत होतात. तिचा सूर जिथं थांबेल तिथं खिळा ठोकत होतात. "त्यो बेंजो न्हवता लेका," रंगुबाई म्हणाली, "ती जाई व्हती."

मी तिच्यासमोर रडलो नाही. क्वार्टरवर येऊन रडलो.

आईचा एक फोटो आहे, तोही अंधुक. आवाज कुठंच नव्हता. ना रेडिओवर, ना टेपवर. नऊ वर्षं तो फक्त आपल्या भिंतीवर टांगलेला होता. रोज सकाळी तुम्ही ती एकच ओळ का वाजवत होता, ते मला आता कळलं. आणि मी त्या आवाजाला फूटपट्टी लावून चुका मोजल्या. पाच.

तुम्ही म्हणाल, वही आहे ना, मोजमाप लिहिलंय ना. मी धावत जाऊन तीच उघडली. खोक्याची लांबी आहे. खुंट्यांची जाडी आहे. पिंपळपानाच्या देठाचा बाकसुद्धा आहे. पडद्यांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय: "वाकडेतिकडे. तक्त्याप्रमाणे घेणे." आकडा एकही नाही. पत्रात तुम्हाला अर्धा सूत, पाव सूत लिहिलं ते नुसतं नजरेनं. त्यावरून तर तुमच्या पडद्याची जागा लागायची नाही. जुन्या खिळ्यांची भोकं असतील, ती तरी सापडतील म्हणून आशा धरली. पण तीही मी लाखेनं भरली होती आणि वर रंधा मारला होता. मीच. सफाईनं.

आबा, मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण गप्प राहू नका.

तुमचा,
ज्ञानू


दौंड
१८ जानेवारी १९७६

आबा,

मागच्या दोन्ही पत्रांचं उत्तर नाही. ललीही आता "तब्येत बरी आहे" याच्यापुढे लिहीत नाही. तरी हे वाचून होईपर्यंत उठू नका.

मी एक तोड काढली आहे. पडदे खिळ्यांनी ठोकायचे नाहीत. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना लांबट खाच पाडून स्क्रू बसवायचे. स्क्रू सैल केला की पडदा मागेपुढे सरकतो, आवळला की बसतो. आपल्या शेडात असंच एक काम रोज करतो मी, त्यावरूनच सुचलं. चौदा पट्ट्या कापून तयार आहेत. आता फक्त तुम्ही माळ्यावरून बेंजो काढायचा, इकडे यायचं आणि माझ्या समोर बसायचं. तुम्ही बटण दाबा, म्हणा "खाली", मी खाली सरकवतो. म्हणा "वर", मी वर. तुमच्या कानात आई आहे आणि माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आहे. दोघांनी मिळून ती परत आणू. आठ दिवस लागले तर आठ दिवस. महिना लागला तर बिनपगारी रजा घेतो, साहेबानं काढून टाकलं तरी चालेल.

आनंदरावांचे पंचवीस बेंजो हातोहात गेले. नगरपर्यंतच्या पार्ट्या विचारत येतात. अजून पंचवीस करा म्हणाले. मी नाही म्हटलं. निदान चिठ्ठीवरून तुमचं नाव तरी काढा म्हटलं, तर हसले. म्हणाले, अहो नावावरच तर लोक घेतात. पंचवीस ठिकाणी कोंडिबा नमुना वाजतोय आणि पिंपळपान सोडलं तर त्यात कोंडिबाचं काही नाही. त्यांना खरं सांगायचा प्रयत्न केला. त्यांना कळलंच नाही. त्यांनी पुन्हा तो तक्ताच पुढे केला.

रविवारी सुट्टी असते तेव्हा शिरूरची गाडी यायच्या वेळेला मी स्टँडवर जातो. म्हाळू लांबूनच मान हलवतो. आता तर तो माझ्याकडे बघायचं टाळतो.

तुमचा राग मोठा आहे, मला मान्य आहे. पण राग माझ्यावर काढा, आईवर कशाला? जितके दिवस तुम्ही येत नाही तितके दिवस ती पोत्यात पडून आहे. या ना हो, आबा.

ज्ञानू


दौंड
९ मे १९७६

ललिते,

हे पत्र मुद्दाम तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय. आबांना दाखवायचं नाही. वाचून झालं की चुलीत घाल.

आबा परवा आले. तुलाही सांगून आले नसणार. सकाळच्या गाडीनं, खांद्यावर पोतं. मी ड्यूटीला निघालो होतो, दारातच भेटले. पाया पडलो तर म्हणाले, "लाव." बस, एवढंच. मी बदली सांगून आलो. चटई टाकली, जुन्या पट्ट्या काढल्या, नव्या बसवल्या, स्क्रू सैल ठेवले. नऊ वाजता आम्ही सुरू केलं.

तिसऱ्या बटणापासून. आबा वाजवायचे, डोळे मिटायचे. "खाली घे. थोडा. न्हाई, लई झाला. वर. आता... न्हाई." मी केसाएवढं सरकवायचो. दहा वाजले, अकरा वाजले. चहा तसाच निवला. बारा वाजता अजून तिसरंच बटण. मी म्हटलं, दुसरं घेऊ का आधी? त्यांनी ऐकलंच नाही. एक वाजला असेल, त्यांनी नखी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ग्यानू, मला आठवंना रं."

लले, आबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

म्हणाले, "धा वरसं मी तिला आठवलीच न्हाई. कशाला आठवू? बटन दाबलं का ती व्हतीच की. तू बोलवत व्हतास आन् मी येत नव्हतो, ते रागानं न्हाई बाबा. मला भ्या वाटत व्हतं. हितं येऊन बसलो आन् न्हाईच आठवलं तर? म्हंजी मग ती गेलीच की."

मी इतके महिने त्यांच्या रागाला पत्रं लिहीत होतो. राग नव्हताच. राग असता तर बरं झालं असतं, तो कधीतरी उतरला असता.

मग त्यांनी स्वतःच बोटानं पट्टी जराशी ढकलली, कुठं ते न बघताच, आणि बटण दाबून तार छेडली. आणि मी म्हणालो, "हां! हाच, आबा."

का म्हणालो? मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. त्यांनी मान वर केली. "आठवतंय तुला?" मी म्हटलं, आठवतंय. आई इथंच थांबायची. "नक्की?" नक्की. त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा मान हलवली. मग ते म्हणाले, "आवळ स्क्रू." आणि मी आवळला.

उरलेले चार अर्ध्या तासात झाले. ते सरकवायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे, मी हो म्हणायचो. एकदा तर मी "नाही, जरासा वर" म्हणालो, खरं वाटावं म्हणून. एवढा पोचलेला खोटारडा मी कधी झालो, मलाच ठाऊक नाही. मला सगळे सूर सारखेच, हे तुला माहीत आहे, आबांना तर माझ्या आधीपासून माहीत आहे. त्यांनी विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, ते काही मला कळलं नाही.

मग त्यांनी ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसलंसुद्धा नाही. म्हणाले, "आली." दोन भाकरी खाल्ल्या, वर कांदा मागून घेतला. गाडीत बसवायला गेलो तर स्टँडवर सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगलं काम केलंस." आयुष्यभर मी त्या शब्दांची वाट बघितली होती, लले. ते मिळाले ते यासाठी.

पहिल्या वेळी आईचा आवाज माझ्या हातून अजाणता गेला. या वेळी मी जाणूनबुजून तिच्या जागी दुसरंच काहीतरी बसवलं आणि वरून स्क्रू आवळले. आता शोधायचं म्हटलं तरी कुणी शोधणार नाही, कारण शोधणाऱ्याला ती सापडली आहे. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला शेडात हात चालवता येईना, म्हणून तुला सांगतोय. तुझ्यावर ओझं टाकतोय, माफ कर.

आई गेली तेव्हा तू दहा वर्षांची होतीस, दिवसभर तिच्या पदराला धरून असायचीस. तुला तिचा आवाज आठवत असेल, नसेल. मी विचारत नाही, आणि आठवत असला तरी मला कधी सांगू नकोस. आबा आता रोज सकाळी वाजवतील. एखाद्या दिवशी त्या तिसऱ्या बटणावर थांबतील आणि तुझ्याकडे बघून विचारतील, "हीच ना गं?"

तेव्हा विचार करत बसू नकोस. लगेच हो म्हण.

तुझा,
दादा